न आलेल्या कॅमेऱ्याची वाट : सातपुड्याच्या पायथ्याचं एक प्रकरण

हे प्रकरण शहादा तालुक्यातल्या एका फोटोग्राफरचं आहे. त्यांना विचारून, त्यांच्या समोर बसून लिहिलं आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या, तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या, कारण इथे सगळं तारखांवरच आहे. मी त्यांना नाना म्हणतो. माझी धुळ्याला अल्बम छापायची लॅब आहे आणि नानांचं काम २००८ पासून माझ्याकडे येतं. जे घडलं त्यात माझाही हात होता. तो कुठे, ते ओघात येईल.

पार्श्वभूमी

नानांचं पोट लग्नांवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की धावपळ सुरू होते, ती आखाजी ओलांडून जेठापर्यंत. २०१६ साली त्यांच्याकडे निकॉनचे दोन कॅमेरे होते, डी९० आणि डी७०००. जोडीला १८-१०५ ची एक लेन्स, ७०-३०० ची एक, आणि दोन फ्लॅश. हळद, वरात, पाठवणी सगळं यातच निघायचं आणि गिऱ्हाईक खूश असायचं.

नानांचा जीव मात्र वर सातपुड्यात. होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार आणि अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी, यासाठी ते दरवर्षी दोन-तीन दिवस लग्नाची ऑर्डर घेत नाहीत. काठीला होळी संध्याकाळी पेटत नाही. रात्रभर ढोल आणि बासऱ्या चालतात, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नाचत राहतात, आणि उंच बांबूभोवती रचलेली होळी पहाटे पेटते. ज्याने एकदा ती पहाट पाहिली तो पुन्हा जातोच. मी चार वेळा गेलो आहे.

जानेवारी २०१६ मध्ये नाशिककडच्या एका संस्थेने नानांना विचारलं. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्यांचं आरोग्याचं काम होतं. दोन वर्षं तिथल्या घरांची, चुलींची, बाजारांची, सणांची फोटोंतून नोंद करायची होती. मानधन एकूण १ लाख ४० हजार, प्रवास वेगळा. त्याआधी सप्टेंबर अखेरपर्यंत तीस फोटोंचा नमुना द्यायचा, तो पसंत पडला तर काम. अटी दोनच होत्या. माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केलेली नकोत, आणि घराच्या आतलं जगणं दिसायला हवं.

अडचण

पाड्यावरचं घर आतून कसं असतं ते आधी सांगतो. बांबूच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. दार एकच, खिडकी बहुतेक नाहीच. एका कोपऱ्यात चूल, एका बाजूला बांधलेली गुरं किंवा बकऱ्या, मध्ये धान्याच्या कणग्या. दुपारी बारालाही आत डोळे सरावायला वेळ लागतो. अशा घरात नानांचा कॅमेरा दोन ठिकाणी अडायचा. १८-१०५ ची लेन्स पूर्ण उघडली तरी एफ/३.५ च्या पुढे जात नाही (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो). आणि डी७००० चा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान असल्याने १८ मिलिमीटरची लेन्स पूर्ण फ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २७ ची होते; हा आकडा वाढला की रुंदी कमी होते, म्हणजे भिंतीला पाठ लावून बसलं तरी चूल आली तर गुरं सुटतात. फ्लॅश मारला तर कुडाच्या फटींतून येणारा उजेड मरतो, आणि त्या घराचं रूप त्या उजेडातच असतं.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या आकाराची होती. मोठा काळा कॅमेरा डोळ्याला लावला की आजीबाई हातातली भाकरी ठेवून पदर सावरतात आणि ताठ बसतात. शटरचा आवाज झाला की पोरं गोळा होतात. नानांना खिशात मावणारा, आवाज न करणारा, अंधारात चालणारा आणि अख्खी खोली पोटात घेणारा कॅमेरा हवा होता. चारही गोष्टी एकाच यंत्रात.

आणि २३ फेब्रुवारी २०१६ ला निकॉनने नेमकं तसंच काहीतरी जाहीर केलं.

डीएल नावाचे तीन कॅमेरे होते. डीएल१८-५०, डीएल२४-८५ आणि डीएल२४-५००. तिन्हींत एक इंची म्हणवला जाणारा २०.८ मेगापिक्सेलचा सेन्सर, फोर-के व्हिडिओ, आणि फोकस धरून ठेवत सेकंदाला २० फोटो. पहिले दोन एफ/१.८ ते २.८ चे. तिसरा लांब पल्ल्याचा. पण आम्हाला वेड लावलं ते पहिल्याने. खिशातला कॅमेरा आणि तो १८ मिलिमीटरच्या रुंदीपासून सुरू होणारा! त्या वेळी बाजारात असलेले चांगले छोटे कॅमेरे २४ किंवा २८ पासून सुरू व्हायचे. कागदावर २४ आणि १८ मध्ये फार अंतर वाटत नाही, पण कुडाच्या घरात तेच अंतर म्हणजे गुरं फ्रेममध्ये येणं किंवा न येणं. अमेरिकेतली किंमत ८४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ५८ हजार रुपये, वर आपल्याकडचे कर. बाजारात येणार जूनमध्ये.

ती बातमी वाचून लॅबमधून नानांना फोन करणारा मीच. म्हणालो, "नाना, तुमच्या पाड्यासाठीच बनवलाय असं समजा."

समोर असलेले पर्याय

तेव्हा आम्ही पर्याय मांडले होते, पण खरं सांगायचं तर मनाने आधीच कौल दिलेला होता आणि मांडणी नुसती सोपस्कार म्हणून झाली. तरी ते काय होते ते लिहितो.

सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ बाजारात होता, २०१४ पासून. २४-७०, एफ/१.८ ते २.८, वर येणारा छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), किंमत पन्नास हजारांच्या घरात. सुरतेला दुकानात हातात घेऊन बघता येत होता. नाना म्हणाले, २४ कमी पडेल, आणि माझं सगळं सामान निकॉनचं आहे. दुसरं कारण लंगडं होतं. खिशातल्या कॅमेऱ्याला लेन्स बदलता येत नाही, त्याची बॅटरीही वेगळी, मग घरातलं सामान कोणत्या कंपनीचं आहे याने काय फरक पडणार? पण सवयीच्या माणसाला ते कारण भक्कम वाटतं आणि मीही त्याला टोकलं नाही.

रिकोचा जीआर २ आणि त्याच वर्षी जानेवारीत आलेला फुजीचा एक्स७०, दोन्ही मोठ्या सेन्सरचे, दोन्ही २८ च्या एकाच रुंदीचे. रात्रीच्या कामाला उत्तम. पण बिघडला तर खान्देशात कुणाकडे न्यायचा, हा प्रश्न होता. गंमत अशी, की निकॉनचाच १ जे५ हा लेन्स बदलता येणारा छोटा कॅमेरा तेव्हा मिळत होता. डीएलसारखाच एक इंची, २०.८ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि त्याला १८ मिलिमीटरची रुंदी देणारी ६.७-१३ ची लेन्सही होती. फक्त ती एफ/३.५ ची. त्याचा आम्ही पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही, कारण नव्या नावापुढे जुनं नाव फिकं पडलं होतं.

आणखी एक पर्याय घरातच होता. डी७००० ला ३५ मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स लावायची. बारा-तेरा हजारांची वस्तू. त्याचं पुढे बोलतो.

शेवटचा पर्याय, थांबायचं. तो आम्ही पर्यायांच्या यादीत धरलाच नव्हता. थांबणं म्हणजे काही न करणं, त्याला खर्च नाही, अशी आमची समजूत.

निर्णय कुठे कुठे झाले

पहिला निर्णय २३ मार्चला झाला, होळीच्या रात्री. नाना काठीला गेले, खांद्यावर डी७००० होता, पण मनात ठरवून गेले की या वर्षी नुसतं बघायचं, जागा हेरायच्या, पुढच्या वर्षी छोट्या कॅमेऱ्याने नीट काम करायचं. अख्ख्या रात्रीत त्यांनी अकरा फोटो काढले. अकरा. एरवी चारशे काढणारा माणूस. नमुन्याचे तीस फोटो सप्टेंबरात द्यायचे होते आणि त्याआधीची होळी ही एकच होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कॅमेरा जूनमध्ये आला असता तरी होळी काही जूनमध्ये येणार नव्हती.

दुसरा निर्णय एप्रिलचा, आणि त्यात चूक माझी. एप्रिलच्या मध्यावर जपानमध्ये कुमामोतोला मोठे भूकंप झाले. सोनीचा सेन्सर बनवणारा कारखाना तिथे आहे, तो बंद पडला, आणि कॅमेऱ्यांच्या साऱ्या धंद्याला त्याची झळ बसली. त्याच सुमारास निकॉनने कळवलं की डीएल लांबणीवर पडले आहेत आणि नवी तारीख ठरलेली नाही. कारण दिलं होतं ते फोटोवर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये सापडलेल्या गंभीर दोषाचं. मी दोन्ही बातम्या एकाच दिवशी वाचल्या आणि नानांना सांगितलं, "भूकंपामुळे उशीर होतोय, दिवाळीपर्यंत येईल."

हे वाक्य मी आजही विसरलो नाही. भूकंपाने बंद पडलेला कारखाना सुरू होतो, त्याचा अंदाज बांधता येतो. कॅमेऱ्याच्या मेंदूतच दोष निघाला तर तो दुरुस्त होईल, नवा बनवावा लागेल की सगळं गुंडाळावं लागेल, हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नसतो. दोन कारणांपैकी मी सोयीचं तेवढं उचललं. दिवाळी हा शब्दही माझाच, कंपनीने तो कुठेही उच्चारलेला नव्हता. नाना माझ्या शब्दावर विसंबले. सुरतेच्या एका दुकानदाराकडे त्यांनी पाच हजार ॲडव्हान्स ठेवला. भारतातली किंमतही तोवर ठरलेली नव्हती, तरी त्याने घेतला आणि आम्ही दिला. पावती साध्या कोऱ्या कागदावर.

पावसाळ्यात वरचे रस्ते अवघड होतात. तोरणमाळ आणि धडगावच्या बाजूला ढग खाली उतरतात आणि घरात आणखी अंधार. नाना म्हणायचे, या उजेडात माझ्या कॅमेऱ्याने जमणार नाही, डीएल आला की जाईन. ऑगस्टात संस्थेच्या बाईंनी फोन करून विचारलं. नानांनी महिनाभर मुदत मागितली, ती मिळाली. ऑक्टोबर अखेर पुन्हा विचारलं. तेव्हा नानांकडे दाखवायला होते ते होळीचे अकरा आणि आधीच्या वर्षांचे काही बाजारातले फोटो. घराच्या आतला एकही नाही. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचीही घाई खरी होती. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, दारांना कड्या लागतात, ती होळीलाच परत येतात. ऑक्टोबर गेला म्हणजे वर्ष गेलं.

काम धडगावकडच्या एका पावरा आदिवासी तरुणाला मिळालं. डी.एड. करत होता. त्याने फोटो काढले होते मोबाइलवर.

त्यानंतर ८ नोव्हेंबर आला. कॅमेऱ्यासाठी म्हणून नानांनी ४८ हजार रुपये कपाटात वेगळे काढून ठेवले होते, सगळे पाचशे-हजाराच्या नोटांत. ते बँकेत भरावे लागले. काढायला आठवड्याची मर्यादा, रांगा, त्यात तुळशीच्या लग्नाच्या ऑर्डरींचे पैसे लोकांकडे अडकलेले. मदतनीस पोरांचे पगार त्या ४८ हजारांतूनच गेले, मग घरच्या कपाशीच्या वेचणीची मजुरी, मग मुलीची फी. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत नाना मला भेटले तेव्हा तापीच्या काठावर घोड्यांच्या बाजारात आम्ही तासभर फिरलो. कॅमेऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

१३ फेब्रुवारी २०१७ ला निकॉनने तिन्ही डीएल रद्द केल्याचं जाहीर केलं. विकासाचा खर्च वाढला आणि बाजार मंदावल्याने विक्रीचा अंदाज खाली आला, म्हणून फायद्याचा विचार करून विक्री करायची नाही, असं ते निवेदन होतं. कंपनीच्या स्थापनेचं ते शंभरावं वर्ष. बाजार मंदावला होता हे खरंच आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०१६ मध्ये ते अडीच कोटींच्याही आत आले, आणि सर्वांत जास्त मार बसला तो खिशातल्या कॅमेऱ्यांनाच. मोबाइलने ते गिळले. म्हणजे ज्या मोबाइलमुळे नानांचं काम दुसऱ्याकडे गेलं, त्याच मोबाइलमुळे त्यांचा कॅमेराही गेला. हे मला त्या रात्री सुचलं आणि झोप लागली नाही.

नानांचा फोन सकाळी आला. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस थेट अहिराणीत उतरला. "भाऊ, आते काय करानं?"

उशिरा केलेला हिशोब

त्या दिवशी मी लॅब उघडलीच नाही. कागद घेऊन बसलो आणि जो हिशोब वर्षापूर्वी करायचा तो केला.

एक इंची सेन्सर नावाला एक इंची असतो. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. डी७००० चा सेन्सर साधारण ३६८ चौरस मिलिमीटर, तिपटीहून मोठा. आता लेन्स. एफ/१.८ ही एफ/३.५ पेक्षा पावणेचार पट उजेड आत घेते. मोठ्या भोकाने मिळालेलं लहान सेन्सरने परत नेलं. दोन्ही धरून, डीएलच्या सेन्सरवर एकूण जेवढा उजेड पडला असता तो नानांच्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा जेमतेम वीस टक्के जास्त. नव्या घडणीच्या सेन्सरचा थोडा फायदा आणखी धरा. पण ज्या अंधाराला घाबरून वर्ष घालवलं, त्या अंधारात डीएल काही चमत्कार करणार नव्हता. उलट डी७००० ला ती ३५ एफ/१.८ ची लेन्स लावली असती तर डीएलच्या तिप्पट उजेड मिळाला असता. तेरा हजारांत.

रुंदीचा आणि आकाराचा प्रश्न त्याने सुटला नसता, हे कबूल. तिथे डीएल१८-५० खरोखरच वेगळा होता आणि तो आला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पण चार गरजांपैकी एक आम्ही चुकीची मोजली होती, आणि नेमकी तीच आमच्या तोंडात सतत होती.

मग काय केलं

होळी १२ मार्चला होती. हाताशी चार आठवडेसुद्धा नव्हते. नानांनी नंदुरबारच्या एका डॉक्टरांकडून सोनीचा पहिला आरएक्स१०० घेतला, २०१२ चा, वापरलेला, पंधरा हजारांत. २८ पासून सुरू होणारा, म्हणजे त्यांना हवा होता त्याच्या अगदी उलट. मी म्हटलं, नाना, रुंदी मिळणार नाही. ते म्हणाले, "खोली नाही मावली तर अर्धी काढीन. एक वर्ष शून्य काढली."

आधीचे तीन आठवडी बाजार त्यांनी फक्त सरावात घालवले. कॅमेरा पोटाजवळ धरायचा, स्क्रीनकडे वरून न बघता अंतर ओळखायचं, आवाज बंद, ऑटोफोकसचा लाल दिवा बंद. हे काम दिसायला सोपं आहे, पण पंचवीस वर्षं डोळ्याला कॅमेरा लावणाऱ्या माणसाला हात खाली ठेवून फोटो काढायला शिकणं म्हणजे उजव्याने जेवणाऱ्याने डाव्याने घास घेण्यासारखं.

काठीला त्या रात्री मीही होतो. नानांनी तीनशेच्या आसपास फोटो काढले. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटी असते, हे आम्हाला ठाऊक होतं पण अंगावर आलं नव्हतं. दोन बॅटऱ्या होत्या, दुसरी साडेतीनला संपली. जीपवाल्याच्या पॉवर बँकेवर चार्ज करायला लावली, पण चार्ज होत असताना तो कॅमेरा चालत नाही. पहाटे होळी पेटली तेव्हा नानांच्या हातात पुन्हा जुना डी७००० होता. पेटत्या होळीचे फोटो त्यावरचे आहेत, आणि ते चांगले आहेत, कारण तोवर तिथे उजेडाला तोटा नव्हता.

परिणाम

संस्थेचं काम गेलं ते गेलंच. २०१७ च्या होळीतले चार फोटो त्यांनी वार्षिक अहवालासाठी घेतले, प्रत्येकी हजार रुपये देऊन. पाच हजारांचा ॲडव्हान्स रोख परत मिळाला नाही, त्याबदल्यात मेमरी कार्डं आणि एक बॅग मिळाली. छोटा आरएक्स१०० दोन उन्हाळे चालला. मग पुढे-मागे सरकणाऱ्या लेन्सने आपली खान्देशी धूळ आत ओढली, सेन्सरवर डाग बसले, आणि असा कॅमेरा उघडल्याशिवाय साफ होत नाही. ही गोष्ट डीएलच्या बाबतीतही व्हायची शक्यता होती. वैशाखात इथे मोटरसायकलवर फिरणाऱ्याने विकत घेण्याआधी हे विचारायला हवं.

त्या पावरा तरुणाचे फोटो छपाईला माझ्याकडेच आले, ते नानांनीच पाठवले. मोबाइलचे फोटो मोठे करताना मी जरा साशंक होतो. एका फोटोत त्याची आजी चुलीपुढे बसून मक्याची भाकरी उलटते आहे. कुडाच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या बारीक रेघा तिच्या मनगटावरून, पाठीवरून आणि मागच्या कणगीवरून गेल्या आहेत. सावल्यांत दाणे फुटलेत, कडा मऊ आहेत, छपाईवाल्याच्या नजरेने पाहिलं तर दहा दोष. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण समोर नातू बसला आहे, त्यात काय बघायचं. नानांनी तो प्रिंट दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं माझा कॅमेरा मोठा आहे. मी परका होतो."

वेगळं काय करता आलं असतं

याच वाक्यापासून सुरुवात करतो. नानांना मोडकीतोडकी भिली येते. एप्रिल ते जून पाड्यावर लोक घरी असतात. त्या तीन महिन्यांत एकाच पाड्यावर आठ-दहा वेळा जाऊन, पहिल्या दोन खेपांना कॅमेरा पिशवीतच ठेवून, मागच्या वेळचे प्रिंट हातात देत काम केलं असतं तर मोठ्या कॅमेऱ्याचाही बुजरेपणा मोडला असता. लग्नात आपण हेच करतो. हळदीच्या दिवशी नवरीला सवय झाली की लग्नाच्या दिवशी ती कॅमेरा विसरते. जे दररोज पोटासाठी करतो ते इथे सुचलं नाही, कारण उत्तर यंत्रात आहे असं आम्ही फेब्रुवारीतच ठरवून टाकलं होतं.

वाट बघायला हरकत नव्हती, पण तिला तारीख हवी होती. जूनमध्ये येणार म्हणाले, ठीक. मग १ जुलैला दुकानात नसेल तर २ जुलैला सुरतेला जाऊन सोनीचा मार्क ३ घ्यायचा, हे मार्चमध्येच लिहून ठेवलं असतं तर नमुना वेळेत झाला असता. पुढे डीएल आलाच असता तरी वापरलेला मार्क ३ विकून फार तर दहा-पंधरा हजारांचं नुकसान. समोर १ लाख ४० हजारांचं काम होतं. हे गणित तिसरीतल्या पोराला येईल, पण एकदाही आम्ही दोन्ही आकडे शेजारी लिहिले नाहीत. लिहिले असते तर बोलायला जागाच उरली नसती.

नमुन्यात तीस फोटो हवे होते, ते एकाच कॅमेऱ्याचे हवेत असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंना थेट विचारलं असतं तरी चाललं असतं. मी २०१९ मध्ये त्यांना एका कार्यक्रमात भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या की घराच्या आतले पाच-सहा फोटो असते तरी त्यांनी नानांनाच काम दिलं असतं.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, रेल्वे स्टेशनजवळ, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. मे २०१७ मध्ये आम्ही दोघं मुद्दाम गेलो. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून अख्खी दृश्यं उभी करणारी त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं नानांनी आधी पाहिली नव्हती. ज्या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं त्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही, त्याच्या भिंतीपुढे नाना उभे होते. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच गोष्ट विचारली, ती ३५ ची लेन्स आता केवढ्याला मिळते. धुळं येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

आणि माझ्यापुरतं. धंद्यात मी नानांच्या पुढे चार गोष्टी जास्त वाचतो, म्हणून ते मला विचारतात. अशा माणसाने बातमी सांगताना कंपनीचा शब्द कुठे संपतो आणि आपला अंदाज कुठे सुरू होतो, ते वेगळं करून सांगायला हवं. "दिवाळी" हा माझा अंदाज होता एवढं जरी तेव्हा म्हटलं असतं, तरी नानांनी ॲडव्हान्स ठेवला नसता. हे मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगितलं, पण थांबलो मी."

त्यानंतर

नानांनी ३५ एफ/१.८ घेतली, जून २०१७ मध्ये. २०१८ ची होळी १ मार्चला होती, ती त्यांनी त्याच लेन्सवर केली. २०१६ च्या रात्रीचे अकरा फोटो त्यांनी कधी काढून टाकले नाहीत. त्यांतल्या एकात, बत्तीसशे आयएसओवर (अंधारासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून) काढलेला, किंचित हललेला, एक बुध्या कमरेचे भोपळे दोन्ही हातांनी आवरत थांबलेला आहे, नाच सुरू व्हायच्या आधीचा क्षण. आज त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीवर तोच आहे.

मे २०२३ मध्ये सोनीने झेडव्ही-१ मार्क २ आणला. एक इंची सेन्सर आणि १८-५० ची लेन्स, एफ/१.८ पासून सुरू होणारी. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनवलेला, व्ह्यूफाइंडर नसलेला, आणि लांब टोकाला एफ/४ होणारा, पण रुंदी तीच, सात वर्षांपूर्वीची. मी नानांना फोन करून सांगितलं. या वेळी आधीच म्हटलं की हे कंपनीने सांगितलेलं आहे, माझं यात काही नाही.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरतेला दुकानात आलाय का? हातात घेऊन बघता येईल का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग आला की सांगा," ते म्हणाले, "उद्या मला मोलगीचा बाजार आहे."